पाऊस पडेस्तोवर

वैशाखात आभाळ भरून येण्याचं आमच्याकडं आता कुणाला नवल वाटत नाही. सकाळी डोळे दिपवणारं ऊन असतं, म्हणून आपण गच्चीवर कुरडया घालाव्यात, अंगणात दोरीवर कपडे टाकावेत, आणि जेवणं उरकून हात धुवावेत तोवर पश्चिमेकडून काळं चढत येतं. मग पळापळ. एकीच्या हातात बाजेचा पाय, दुसरीच्या पदरात ओल्या कुरडया, आणि दोघींच्या तोंडात आभाळाला शिव्या. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा होळी झाली की डोळे झाकून गहू भिजत घालायच्या. उन्हाचा तेवढा भरवसा होता. आता गहू भिजवण्याआधी मी लेकीला विचारते, मोबाईलमध्ये बघून सांग गं, ऊन राहील का. ती बघून सांगते. आणि तरी पाऊस येतोच.

यंदा घरात बाळंतीण आहे. माझी मनू, माझी एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. मुलगी झाली. बाळंतिणीच्या घराला दोन गोष्टी भरपूर लागतात, कढत पाणी आणि कडक ऊन. पाणी बोअरला आहे. उन्हानं मात्र दगा दिला. लंगोट आणि दुपटी दोन दिवस दोरीवरच दमट, हाताला थंड, नाकाला कुबट. मी प्रत्येक कपड्यावरून इस्त्री फिरवत बसले होते आणि मध्येच लाईट गेली. तेवढ्यात माझी थोरली बहीण अक्का परसातून बांबूचं डालं घेऊन आली. भोकरहून ती बाळंतिणीचं करायला म्हणून आली आहे. तिनं शेगडीत निखारे घेतले, वर डालं पालथं घातलं आणि त्याच्यावर एकेक लंगोट पसरला. थोड्या वेळात कपडे कोरडे, वर ओव्याच्या धुरीचा वास.

मनू खाटेवरून बघत होती. ती हसून म्हणाली, "मावशीला बरोबर सुचतं बघ."

एवढंच म्हणाली. पण माझ्या आत काहीतरी चटकन भाजलं. डालं माझ्याच परसात पडलेलं, निखारे माझ्याच चुलीतले, लेक माझी, नात माझी. आणि सुचलं ते अक्काला.

हा चटका काही आजचा नाही.

लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा, एवढं म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला बाकीचं सांगावं लागत नाही. आमचं गाव रेणापूर तालुक्यात, रस्त्यापासून बरंच आत. शहराला निदान गाडीनं पाणी आलं. आमच्याकडं टँकर यायचा आणि गावच्या कोरड्या विहिरीत पाणी सोडून जायचा. तो कधी येईल याला नेम नव्हता. त्याला नेम नाही म्हणून मग स्वयंपाकाला, धुण्याला, झोपेला कशालाच नेम राहिला नाही. भाकरी तव्यावर असायची आणि रस्त्यावर हॉर्न वाजायचा. भाकरी जळाली तर जळू दे म्हणत मी हंडा उचलायची. मनू माझ्या आधी दारातून बाहेर पडलेली असायची, कारण पाय तिचे तरणे होते आणि विहिरीच्या काठावर जागा धरायला पाय लागतात.

विहिरीवर चारी बाजूंनी बाया आणि पोरी. दोर एकमेकींत अडकायचे, बादल्या कडेला आपटायच्या. पहिल्या बादलीत पाणी यायचं, नंतरच्या बादल्यांत गाळ. तोही आम्ही आणायचो, निवळायला ठेवायचो. अंघोळ घमेल्यात उभं राहून करायची. त्या पाण्यात मग कपडे बुडवायचे, आणि कपड्यांचं पाणी भांड्यांच्या राखेवर. तेही नसलं की भांडी आम्ही नुसत्या राखेनंच घासायचो आणि फडक्यानं पुसायचो. पाहुणा आला की पहिल्यांदा त्याच्याकडं नाही, रांजणाकडं लक्ष जायचं.

मनू तेव्हा नववीत होती. तिच्या तळहातांना दोरानं घट्टे पडले. शाळेत ती उशिरा पोचायची, कधी पोचायचीच नाही. ह्यांना, म्हणजे मनूच्या वडिलांना, मी म्हणायची, "अहो, तुम्ही तरी जरा विहिरीवर जा." ते म्हणायचे, "बायकांच्या गर्दीत मी कुठं शिरू?" ते खोटंही नव्हतं. पाणी बायकांचंच होतं. पाऊस पडला तर तो शेतावर पडायचा आणि शेत त्यांचं. पडला नाही तर तो न पडलेला पाऊस आमच्या डोक्यावर.

मनूचे केस कमरेपर्यंत होते. माझे कधीच एवढे नव्हते. दाट, काळेभोर, माझ्या आईचे असायचे तसे. ते धुवायला भरलेला हंडा लागायचा. पंधरवडा गेला, महिना गेला, केस धुणं पुढं ढकललं गेलं. मग उवा झाल्या. डोकं खाजवून खाजवून तिनं फोड आणले. एका सकाळी मी शिवणाची कात्री घेतली, तिला अंगणात पाटावर बसवलं आणि मानेपाशी सरळ कापून टाकले. मनू रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. उठली, केरसुणी घेतली आणि स्वतःचे केस स्वतः झाडून गोळा केले. मग मला विचारलं, "आई, हे कुठं टाकू?"

मी कात्री फडक्यानं पुसत राहिले.

अक्का आली ती आखातीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला. भोकरकडच्या डोंगरपट्टीला तिचं सासर आहे. तिथंही त्या वर्षी पाऊस कमीच होता, पण तिचं शेत तलावाच्या खालच्या अंगाला. तलाव आटला तरी पाझर तिच्या विहिरीला यायचा. तीच काय ती सगळ्या शिवारात जित्या पाण्याची विहीर. अक्का दारात आली तेव्हा मी तिच्या हातावर अर्धा तांब्या पाणी घातलं. तिनं ते पायावर घेतलं नाही, नुसतं डोळ्यांना लावलं. मग तिचं लक्ष मनूकडं गेलं.

"सुमे, हे काय केलंस पोरीचं?"

"मग काय करू? प्यायला न्हाई तर केसाला कुठून आणू?"

अक्कानं मनूला जवळ बसवलं आणि कापलेल्या केसांतून बराच वेळ नुसता हात फिरवत राहिली. मला तो हात बघवेना. जेवताना तिनं विषय काढला, तोही माझ्याशी नाही, ह्यांच्याशी. "पोरगी मला द्या. पाऊस पडेस्तोवर."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाटीकडं बघितलं. "जाऊ दे की," मी म्हणाले. पोरीच्या हातावरचे घट्टे मला दिसत होते. न्हाई म्हणायला तोंड नव्हतं.

मनूनं कपडे एका पिशवीत भरले, पुस्तकं दुसऱ्या पिशवीत. आईला सोडून जायचं म्हणून जराही रेंगाळली नाही. एसटीत चढली, खिडकीशी बसली आणि गाडी हलायच्या आधीच अक्काशी बोलायला लागली. तिचं खरं होतं. गाळाच्या विहिरीवरून सुटका होत असेल तर कोण मागं बघेल? पण घरी येऊन मी एकटीनं दोर खांद्यावर टाकला तेव्हा मला अक्काच्या विहिरीचा इतका हेवा वाटला, की त्या विहिरीवर जाऊन दगड टाकावा असं वाटलं.

जेठ लागला. आभाळ नुसतं धुरकट, पाऊस नाही. मी लातूरवरून नांदेडची गाडी धरली आणि नांदेडहून भोकरची. मनूला बघायचं, असं घरी सांगितलं. मनातून मी तिला आणायलाच निघाले होते.

अक्काच्या दारात पाऊल टाकलं तर ती तांब्या नाही, कळशी घेऊन आली. आणि माझ्या पायांवर धार धरली. एक कळशी. सगळी. पाणी माझ्या घोट्यांवरून, टाचांच्या भेगांतून वाहत गेलं, पायरी उतरलं आणि अळवाच्या वाफ्यात शिरलं. मी त्या पाण्याच्या मागं बघत राहिले. मला वाटलं धावत जावं आणि ते ओंजळीत अडवावं.

"काय बघून राहिली? ये ना आत," अक्का म्हणाली.

तिची बोली लग्नानंतर अशी झाली. आमच्याकडं आम्ही "काय बघायलीस" म्हणतो. तिकडं "काय बघून राहिली." इतक्या वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मनू मळ्यात होती. मी बांधावरून तिला पाहिलं. मोटारीचं पाणी हौदात पडत होतं, हौदाच्या कडेला दगडावर वाकळा पसरल्या होत्या आणि मनू सलवार गुडघ्यापर्यंत खोचून त्या पायांनी तुडवत होती. धप धप. प्रत्येक पावलाला फेस उडायचा. तोंडावर पाणी, अंगावर पाणी. एवढीशी दोन आखूड शेपटं, त्यांना लाल रिबिनी. अक्कानं बांधलेल्या. माझ्या लेकीला मी कितीतरी महिन्यांत असं हसताना बघितलं नव्हतं. आईला आनंद व्हायला पाहिजे ना? झालाही असेल. पण आनंदाच्या आधी मला जे झालं ते जळणंच होतं. वाटलं, पाणी असतं तर मीही हसवलं असतं हिला. त्यात अक्काचं काय मोठेपण? विहीर तिनं थोडीच भरली?

मनूनं मला पाहिलं आणि ओरडली, "आई! थांब, मी येऊन राहिले!"

येऊन राहिले.

"यायलेय" म्हणायची ती. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, माझ्या तोंडून शिकलेलं. थोड्याच आठवड्यांत ते धुऊन गेलं होतं. मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या अंगाला शिकेकाईचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. अक्काच्या घराचा वास.

अक्कानं मला अंघोळीला पाणी काढून दिलं. मोठ्या पितळी बंबाचं पाणी, भरलेली बादली, वर आणखी एक बादली गार. मी न्हाणीघरात बसले आणि दोन तांबे अंगावर घेऊन थांबले. पुढचा तांब्या उचलेना. हाताला सवयच राहिली नव्हती. तशीच बाहेर आले. अक्कानं न्हाणीत डोकावून भरलेल्या बादल्या पाहिल्या. तिचा चेहरा पडला. "अगं, तुझ्यासाठी तापवलं होतं मी," ती म्हणाली. मला तिचं वाईट वाटायला हवं होतं, पण मी म्हणाले, "आम्हाला एवढं लागत न्हाई." त्यात टोचणं होतं. तिलाही ते कळलं.

दुपारी आम्ही दोघी ओसरीवर चिंचा फोडत बसलो. ती टरफलं काढायची, मी चिंचोके. मनू आत झोपली होती. मी म्हणाले, "उद्या मनूला घेऊन जाते. पाऊस काय, आज उद्या येईलच."

अक्काचा हात थांबला. "इथल्या शाळेत नाव घालायचं ठरवलंय तिचं. दहावी इथंच होऊ दे."

"कुणी ठरवलं?"

"तुझ्या दाजींनी फोन केला होता तिच्या पप्पांना. ते हो म्हणाले."

म्हणजे माझ्या लेकीचं वर्ष कुठं जाणार हे तिच्या मावशीला ठाऊक, काकाला ठाऊक, बापाला ठाऊक. आणि मी तिला न्यायला आलेली.

"मला विचारायचं न्हाई?"

"तू न्हाई म्हणाली असती."

"म्हणाले असते! माझी लेक हाय ती. तुझ्याकडं पाणी हाय म्हणून माझं लेकरूही तुझं होतं का?"

माझा आवाज चढला होता. अक्कानं आत बघितलं, मनू जागी झाली का म्हणून. मग ती हळू बोलली. "सुमे, त्या साली आपल्या घरची विहीर आटली तेव्हा तू चौथीत होतीस. मी सातवीत. आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, पाणी कोण आणणार? दादांनी मला म्हटलं, पाऊस पडेस्तोवर घरी राहा. पाऊस पडला. मला परत कुणी शाळेत धाडलं न्हाई. सवय झाली होती सगळ्यांना, पाणी आयतं मिळायची."

दादा म्हणजे आमचे वडील. आमचं माहेर अहमदपूरकडचं. ते साल मला आठवत होतं, पण अगदी वेगळं आठवत होतं. मी शाळेत पाढे घोकत बसलेली असायची आणि खिडकीतून अक्का दिसायची. डोक्यावर दोन घागरी, बरोबर चार मैत्रिणी, मोठमोठ्यानं हसणं, ओल्या परकराची लगबग. पाणवठ्यावरच्या सगळ्या गोष्टी तिला ठाऊक, कुणाचं लग्न ठरलं, कोण कुणाशी भांडलं. मला वाटायचं, हिची किती मजा आहे. मी हट्ट करायची की मलाही शाळा नको, मलाही घागर द्या. तेव्हा अक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. खूप जोरात. का, ते मला कळलं नव्हतं.

"मला तुझा हेवा वाटायचा गं तेव्हा," मी म्हणाले.

अक्का हसायला लागली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. "माझा?" ती म्हणाली. "तू शाळेतून यायची, तुझ्या बोटांना शाई असायची. आई म्हणायची, हात धू. तुझ्या हातावर पाणी मी घालायची. ती शाई जाऊ नये असं वाटायचं मला."

आम्ही दोघींनी चिंचेचा ढीग संपवला. असं वाटेल की त्या दुपारी माझं जळणं विझलं. मलाही वाटलं होतं तसं होईल. पण झालं उलटंच. आतापर्यंत मी तिच्या विहिरीवर जळत होते, आता तिच्या मोठ्या मनावरही जळायला लागले. माझ्या लेकीची शाळा वाचवायचं हे तिला सुचलं. तिला हक्क होता ते सुचायचा. माझ्याकडं कात्री तेवढी होती.

मी एकटी परतले. मनू एसटी स्टँडवर सोडायला आली. म्हणाली, "आई, दहावी झाली की येते." तिनं मला बाटलीत पाणी भरून दिलं. विहिरीचं, गार. रेणापूरपर्यंत मी त्यातलं एक घोटही प्यायले नाही. घरी आणून रांजणात ओतलं.

त्या साली उशिरा पाऊस आला आणि मग थांबेचना. ओढे भरले, आमच्या विहिरीला कठड्याला टेकेल एवढं पाणी चढलं. गावातल्या बाया नारळ घेऊन विहिरीवर गेल्या. मीही गेले. मग घरी येऊन पहिल्यांदा काय केलं, तर हंडाभर पाणी तापवलं आणि शिकेकाई काढली. पाणी तापलं, वाफ छपरापर्यंत गेली, आणि माझ्या लक्षात आलं की केस धुवायला घरात कुणी नाही. पाणी आलं होतं, लेक आली नव्हती. मी ते पाणी ओतून दिलं नाही. त्यात घरातल्या सगळ्या वाकळा भिजवल्या आणि एकटीनं तुडवल्या.

पण पाऊस आला म्हणून बाईचं काम कमी झालं, असं समजू नये. तेव्हा पाण्यासाठी पायपीट होती, आता सरपण ओलं. तुराट्या भिजलेल्या, गोवऱ्यांचा चिखल. चूल फुंकून फुंकून डोळे लाल. सोयाबीन शेंगेतच उगवून आलं, ते घरात पसरून पंख्याखाली हलवत बसायचं. धान्याला कीड, पिठाला वास, भिंतीला ओल. आभाळ हात आखडो की मोकळा सोडो, निस्तरायचं घरातल्या बाईनंच. त्या पावसात मी रोज एकदा तरी मनात म्हणायची, आत्ता मनू असती तर. मग लगेच म्हणायची, बरं झालं, ती इथं नाही. दोन्ही खरं होतं.

मनू दिवाळीला आली ती खांद्यावर रुळणारे केस घेऊन. तिथून पुढं ते वाढतच गेले आणि ती पाहुणी होत गेली. दहावी भोकरला, बारावी भोकरला, नर्सिंग नांदेडला. सुट्टी लागली की आधी मावशीकडं दोन दिवस, मग आमच्याकडं. पुढं लातूरला दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा मला वाटलं, आता जवळ आली. जवळ आली खरी, पण ताप आला की फोन मावशीला. लग्नात निघताना ती आधी कुणाच्या गळ्यात पडते, हे मी अक्षता टाकून झाल्यापासून बघत होते. अक्काच्या पडली. मी दुसरी. फोटोत मी हसते आहे. बायका म्हणाल्या, किती नशिबाची पोरगी, दोन आया मिळाल्या. मी मान डोलावली. एका आईला ते ऐकायला कसं वाटतं, हे कुणी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मनूला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हा रिवाज आहे. मला प्रश्न पडला, हिचं माहेर कोणतं? तिनं फोनवर विचारलंच, "आई, उन्हाळ्यात दिवस भरतील. तुमच्याकडं पाण्याचं कसं असेल?" मी म्हणाले, "असेल की." पण आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी असेल, असं कोण छातीवर हात ठेवून सांगणार? फोन ठेवला आणि मी ओळखलं, ही भोकरला जाणार.

मग भादव्यात आभाळ फाटलं. लातूरकडं झालंच, नांदेडकडं त्याहून जास्त. अक्काच्या तलावाचं पाणी सांडव्यावरून शेतात घुसलं, विहिरीची एक बाजू खचली, आत दगडमाती आणि गाळ. त्या जित्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं. भोवती सगळं पाणीच पाणी आणि अक्का प्यायच्या पाण्यासाठी घागर घेऊन गुडघाभर चिखलातून शेजारच्या वस्तीवर जायची. हे तिनंच फोनवर सांगितलं. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या म्हणाली. आणि म्हणाली, "सुमे, मनूचं बाळंतपण तूच कर. माझ्याकडं आता लेकराला न्हाऊ घालायला पाणी न्हाई."

मी "अरे देवा" म्हणाले. "विहीर नीट बांधून घे" म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्या तोंडावर हसू आलं. देवघरासमोर उभी राहिले तरी ते जाईना.

मनू आली. चैत्र सरता सरता लातूरच्या दवाखान्यात पोर झाली आणि मी दोघींना घरी घेऊन आले. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, धुरी, सगळं मीच करणार म्हणून कंबर कसली. पण लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं म्हटलं की मला धीर व्हायचा नाही. एवढं तान्हं मूल मी शेवटचं हातात घेतलं ते मनूच. शेवटी अक्काला बोलावलं. मीच बोलावलं. ती आली, पाय लांब करून पाटावर बसली, पोरीला पालथं घातलं आणि तेल जिरवायला लागली. पोर रडायची थांबली. मी तिच्या हाताशी कढत पाणी विसणून देत राहिले.

आता मृग तोंडावर आला आहे. अक्काला पेरणीच्या आधी घरी पोचायचं होतं. तिच्या घरच्यांनी गाळ काढून विहिरीचं कडं बांधून घेतलं, पाणी निवळलं. काल सकाळी तिनं पिशवी भरली, नवं लुगडं नेसली, पोरीच्या कपाळाला बोट लावलं. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. उंबऱ्याशी थांबून ती म्हणाली, "सुमे, सव्वा महिना झालाच म्हण. मनूला आणि लेकराला महिनाभर नेऊ का माझ्याकडं? तुझ्या बोअरचं पाणीही आता तुटक यायलंय."

इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून आमच्याकडचं "यायलंय" ऐकलं. मनूनं माझ्याकडं बघितलं. हे ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला.

"न्हाई," मी म्हणाले.

"अगं, बरं पडेल तिला."

"न्हाई. माझी लेक हाय, माझ्याकडं ऱ्हाईल. पाणी न्हाई आलं तर मी आणीन. कुठून आणायचं ते मी बघीन."

मला वाटलं, अक्का दुखावली. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग आत आली, पिशवी परत कोनाड्यात ठेवली आणि पदर खोचला.

"मग मी जाऊन काय करू?" ती म्हणाली. "तू पाणी आणायला जाशील, तर लेकराला कोण बघेल? राहते अजून आठ दिवस. पेरणीचं बघतील ते."

आतून पोर रडली. आम्ही दोघी एकदमच वळलो. अक्काचे गुडघे दुखतात, ती जरा मागं पडली. मी धावत जाऊन पोरीला आधी उचललं.